बेडकीचं ऑपरेशन

"कडकडीत नको. वाफ दिसायला लागली की बास," वन्सं म्हणाल्या आणि त्यांनी माझ्या चकलीच्या कढईत बेअरिंग सोडलं.

मी झारा घेऊन उभी होते. लोखंडी कडं तळाशी जाऊन बसलं, त्याच्या कडेनं बारीक बुडबुडे यायला लागले आणि स्वयंपाकघरात तळणीचा वास सुटला. शेजारचे दस्तगीरभाई भिंतीपलीकडून खिडकीत डोकावले.

"ताई, सकाळी सकाळी काय तळायलाय?"

"बेअरिंग."

त्यांनी थोडा विचार केला. "गोड असतंय का तिखट?"

"दस्तगीर, आत या आणि हात धुवा," वन्सं कढईवरची नजर न हलवता म्हणाल्या. "साबणानं. कोपरापर्यंत."

दस्तगीरभाई तंबोरे करायचे. मिरजेतल्या आमच्या गल्लीत निम्मी घरं सतारी-तंबोऱ्यांची, आणि त्यांच्या अंगणात तर तंबोऱ्याच्या भोपळ्यांची रास कायम वाळत पडलेली असे. तीस-तीस वर्षांचे तंबोरे नुसत्या टिचकीवर ओळखणारा माणूस, पण वन्संनी हात धुवायला सांगितले की मुकाट्यानं मोरीकडे जायचा. वन्संचं न ऐकणारा माणूस मी मिरजेत पाहिलेला नाही. मार्था रणभिसे, माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. सगळी नोकरी दवाखान्याच्या ऑपरेशन थिएटरात, नर्स म्हणून. सर्जन आले, गेले, त्या तिथंच. लग्न केलं नाही. निवृत्त झाल्यावर क्वार्टर सोडावं लागलं तेव्हा "चार दिवस येते" म्हणून एक ट्रंक घेऊन आमच्याकडे आल्या. मधे पावसाळा झाला, नाताळ झाला, ईस्टर झाला आणि आता मे महिना लागला होता.

"शाफ्ट," वन्संनी हात पसरला.

मी फ्रीज उघडला. लग्नाच्या पुलावाचे मटार बाजूला करून त्यांच्यामागची प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली गिअरबॉक्सची दांडी काढली. ती आदल्या दिवसापासून बर्फाच्या कप्प्यात होती. वन्संचा हिशोब सोपा होता: गरम बेअरिंग फुगतं, गार दांडी आकसते, मग हातोडा लागत नाही. हातोड्याला त्यांचा विरोध होता. हाड असो की लोखंड, हातोडा सगळ्यात शेवटी, असं त्या म्हणायच्या.

दस्तगीरभाईंनी ओल्या हातांनी दांडी उभी धरली. मी झाऱ्यानं बेअरिंग उचललं, वन्संनी ते दोन चिमट्यांत धरून दांडीवर सोडलं. 'सुळ्' असा आवाज झाला आणि ते जागेवर जाऊन बसलं.

वन्संनी चिमट्यानं ते फिरवून पाहिलं. मग दस्तगीरभाई म्हणाले, "काय सुरेख बसलं ओ. शिंक आल्यागत."

बेडकी म्हणजे आमची गाडी. साठ-बासष्टच्या सुमाराची फोक्सवॅगन, पाठीला पोक असलेली, पुढं दोन वटारलेले डोळे. इंजिन मागं, डिकी पुढं. एक परदेशी डॉक्टर मायदेशी परतताना ती माझ्या नवऱ्याला, प्रभाकरला, देऊन गेले. प्रभाकर दवाखान्याच्या लॅबमध्ये होते. आमच्या ख्रिस्ती मंडळीतल्या एकूणएक नवऱ्यामुलीला त्यांनी त्या गाडीतून चर्चला नेलं. पांढरी फीत लावायची, कोट घालायचा आणि सायकलवाला पुढं जाईल इतक्या हळू चालवायची. रणभिशांच्या बेडकीतून गेलेली मुलगी सासरी सुखानं नांदते, अशी बोलवाच झाली होती. एकदोघी नांदल्या नाहीत, पण त्यांना रथातून नेलं असतं तरी त्या नांदल्या नसत्या.

प्रभाकर गेले त्याच्या आदल्या वर्षी गिअरबॉक्सनं दगा दिला. आतून खडखडाट यायला लागला आणि एक दिवस गाडी तिसऱ्या गिअरमध्ये अडकली ती अडकलीच. "करुणाच्या लग्नाआधी करून घेऊ," ते म्हणायचे. करुणा आमची एकुलती एक. आता तिचं लग्न ठरलं होतं, नगरच्या सुबोध देवकुळेशी, मेच्या तिसऱ्या शनिवारी. प्रभाकरना जाऊन तीन वर्षं झाली होती आणि बेडकी ताडपत्रीखाली होती.

मी सांगलीहून एक मेकॅनिक आणला होता. त्यानं खाली सरपटत जाऊन बघितलं, कपडे झटकले आणि म्हणाला, "उघडीन ओ मी. बंद होईल का ते सांगत नाही."

त्या दिवशी जेवताना मी ते सहज सांगितलं. वन्संनी ताकाची वाटी खाली ठेवली.

"उघडायला काय झालंय? उघडताना नीट मोजून, क्रमानं मांडून ठेवलं की बंद होतंच. माणूस बंद होतो, तिथं हे काय."

"वन्सं, तुम्हाला गाडी चालवतासुद्धा येत नाही."

"मला भूलही देता येत नव्हती, एस्तेर. थिएटरात भूल देणारा वेगळा असतो."

मग थोडं थांबून त्या म्हणाल्या, "जायच्या आधी तेवढं करून देते."

त्या जाणार होत्या. नाशिकला निवृत्त नर्सबायकांसाठी एक घर होतं, तिथं त्यांना खोली मिळाली होती. लग्न शनिवारी, त्यांची एसटी सोमवारी सकाळी नऊला. ईस्टरच्या दिवशी त्यांनी ते मला सांगितलं तेव्हा मी म्हणाले, "तुम्हाला बरं वाटेल तसं करा." आणि आत जाऊन पाणी प्यायले. खोटं कशाला बोलू, मला हायसं वाटलं होतं. त्या आल्यापासून माझे चमचे एका दिशेला तोंड करून झोपत होते. मी घासलेली भांडी त्या पुन्हा उकळत. माझ्या शिवणक्लासच्या मुली त्यांना बघून उठून उभ्या राहत आणि टाके चुकवत. करुणा गेल्यावर घरात आम्ही दोघीच, समोरासमोर, हा विचार आला की मी उगाच कापड कापायला घ्यायचे.

पण गिअरबॉक्स उघडला तो माझ्याच कटिंगच्या टेबलावर.

इंजिन आणि गिअरबॉक्स खाली उतरवायला दस्तगीरभाई आणि त्यांचे दोन कारागीर आले. त्यांनी तो जड डबा टेबलावर ठेवला तेव्हा टेबल कण्हलं. वन्संनी टेबलाच्या मधोमध माझ्याच खडूनं रेघ मारली. "अलीकडे माझं, पलीकडे तुझं." पलीकडे मी करुणाच्या पांढऱ्या साडीवरचा ब्लाउज बेतत होते, अलीकडे वन्सं रॉकेलनं आतडी धूत होत्या. त्यांनी आधी उकळलेली पांढरी चादर अंथरली. मग दवाखान्यातून आणलेले ट्रे. प्रत्येक नटाला चिकटपट्टी आणि पट्टीवर नाव. गाडीबरोबर डॉक्टरांनी चित्रांचं एक जाड पुस्तक दिलं होतं, ते त्यांनी देवाच्या पुस्तकासारखं उशाशी ठेवून वाचलं. करुणाच्या डोक्यावरच्या जाळीतला उरलेला तुकडा मी शोधत होते, तर तो त्यांनी रॉकेल गाळायला घेतलेला.

"वन्सं, ती वधूची जाळी आहे."

"निर्जंतुक होती म्हणून घेतली."

मला मदतनीस म्हणून उभं केलं होतं. त्या नुसता हात पुढं करायच्या आणि म्हणायच्या, "तेरा-चौदा." पान्याला पाना म्हणायचं नाही, आकडा सांगायचा. मी चुकीचा दिला की त्या तो परत ठेवायच्या, आणि हात तसाच पसरलेला. हळूहळू मला ते जमायला लागलं. इतकं, की एकदा क्लासमधल्या मुलीनं कात्री मागितली तेव्हा मी विचारलं, "किती नंबरची?"

तुटलेली बेअरिंगं कोल्हापूरच्या जुन्या बाजारात मिळाली. ती कढईत तळून बसवली हे सांगितलंच. मग जोडणी. लग्नाच्या आठवड्यात, गुरुवारी दुपारी आम्ही शेवटचा भाग हातात घेतला. तो म्हणजे एक मोठं दातेरी चक्र, मेकॅनिक त्याला क्राऊन म्हणतात. गिअरमधून येणारी फिरकी हे चक्र चाकांकडे देतं. डब्याच्या दोन्ही बाजूंना दोन झाकणं, आणि चक्र त्यांतल्या एका बाजूला बसतं. वन्संनी उघडताना झाकणांवर पट्ट्या लावल्या होत्या, 'डावं', 'उजवं'. ऑपरेशनच्या आधी पेशंटच्या अंगावर बाजूची खूण करणं हा त्यांचा नेम होता. जन्मभरात चुकीच्या बाजूला चाकू लागला नाही, हे त्या येशूच्या चमत्कारांइतक्याच साधेपणानं सांगायच्या.

मी डब्याकडे बघत होते. आम्ही उघडला तेव्हा तो पालथा होता. मधे कधीतरी, खालचे बोल्ट घट्ट करताना, दस्तगीरभाईंनी तो उताणा केला होता.

"वन्सं, हा उलटा आहे ना आता? मग डावं-उजवं?"

"पेशंट उताणा केला म्हणून त्याचं काळीज दुसऱ्या बाजूला जात नाही, एस्तेर. तेरा-चौदा."

मी तेरा-चौदा दिला. शेवटी त्यांनी ट्रे मोजले. एक नटसुद्धा उरला नव्हता, एक वॉशर कमी नव्हता. "काउंट बरोबर," त्या म्हणाल्या आणि त्यांनी हातमोजे काढले. त्यांना हसताना मी फार कमी वेळा पाहिलं होतं. त्या दिवशी पाहिलं.

शुक्रवारी संध्याकाळी करुणाची हळद होती. ती लागली की, उजेड आहे तोवर, गाडी चालवून बघू असं ठरलं. इंजिन जोडलं होतं, नवं ऑइल भरलं होतं, पांढरी फीतही लावली होती. मी स्टिअरिंगवर बसले. गाडी मला प्रभाकरनीच शिकवली होती. वन्सं फाटकाशी उभ्या, हात पाठीमागं बांधून. करुणा पायरीवर, गाल हळदीनं पिवळे. दस्तगीरभाई कान लावून उभे.

किल्ली फिरवली. बेडकीनं खाकरून आवाज दिला. करुणानं तोंडावर हात धरला, वडिलांची आठवण आली असावी. मी क्लच दाबला, पहिला गिअर टाकला. अगदी लोण्यासारखा पडला. क्लच सोडला.

गाडी मागं गेली.

मला वाटलं माझी चूक. थांबवली, पुन्हा नीट पहिला टाकला. पुन्हा मागं. मी दुसरा टाकला, तर गाडी आणखी जोरात मागं गेली, कंपाउंडच्या कच्च्या भिंतीचा कोपरा पाडून दस्तगीरभाईंच्या अंगणात शिरली आणि भोपळ्यांच्या राशीत जाऊन थांबली. रास ढासळली. भोपळे टणाटणा उड्या मारत फाटकातून गल्लीत गेले आणि उताराला लागले. दस्तगीरभाई त्यांच्यामागं धावले. पहिला भोपळा त्यांनी उचलला, कानाशी धरला, टिचकी मारली, खाली ठेवला आणि दुसऱ्यामागं धावले. पिवळी नवरीमुलगी पदर खोचून तिसऱ्यामागं.

मी गाडीतून उतरले. वन्सं फाटकाशी होत्या तशाच उभ्या होत्या.

"तिसरा?" त्यांनी विचारलं.

"तिसराही मागंच जाणार, वन्सं. चौथाही."

"आणि रिव्हर्स?"

तो मी टाकून पाहिला. गाडी हातभर पुढं सरकली आणि गिअर 'खट्' करून उडाला. पुन्हा टाकला, पुन्हा उडाला.

वन्संना माझ्याआधी कळलं. डबा उताणा झाला तेव्हा डावं-उजवं पालटलं आणि चक्र दुसऱ्या बाजूला बसलं, त्यामुळं सगळी फिरकीच उलटी झाली होती. चार गिअर मागं जायला आणि एक पुढं जायला, आणि तो एक धरत नव्हता.

"चुकीची बाजू," त्या म्हणाल्या. आवाज फार बारीक होता. "मी चुकीच्या बाजूला बसवलं."

त्या पायरीवर बसल्या. इतकी वर्षं ताठ बसणारी बाई, पाठ वाकवून. तोवर मला जाणवलंच नव्हतं की त्या वयानं इतक्या मोठ्या आहेत. करुणा दोन काखांत दोन भोपळे घेऊन परत आली. मी तिला काय झालं ते सांगितलं.

"उद्या सुबोधच्या काकांची ॲम्बॅसडर बोलवा," वन्सं जमिनीकडे बघत म्हणाल्या. "पुन्हा उघडायला आता वेळ नाही."

"अंतर किती आहे, चर्चपर्यंत?" करुणानं विचारलं.

"तुला माहीत नाही का? मैलभर."

"मैलभर आई मागं चालवेल की. चालवशील ना, आई?"

"करुणा, लोक काय म्हणतील? उलटं गेलेलं चांगलं नसतं. मुलगी परत येते म्हणतात."

"नाताळला येणारच आहे मी," ती म्हणाली आणि भोपळे खाली ठेवून आत हात धुवायला गेली. कोपरापर्यंत.

दस्तगीरभाई धापा टाकत आले. "सिस्टर, एकच फुटला बघा," त्यांनी वन्संना सांगितलं. "तो मुळातच बेसूर होता."

शनिवारी आम्ही निघालो. मी ड्रायव्हरच्या जागेवर, निळ्या रेशमी साडीत, मान मागं वळवून. मागच्या सीटवर एका कोपऱ्यात करुणा, पांढऱ्या साडीत, डोक्यावर जाळी. दुसऱ्या कोपऱ्यात वन्सं. मधली जागा मला काचेतून रस्ता दिसावा म्हणून मोकळी. दस्तगीरभाई हातात लाल फडकं घेऊन गाडीच्या पुढं, म्हणजे मागं, चालत होते आणि सायकलींना बाजूला करत होते. गिअर एका सुरात रडत होता. "सूर पेटीच्या काळी दोनला लागलाय," त्यांनी काचेवर टकटक करून मला कळवलं.

वन्सं अर्ध्या वळून काचेतून बघत होत्या आणि सूचना देत होत्या.

"डावीकडे म्हैस."

मी गाडी उजवीकडे घेतली. म्हैस तिथंच होती.

"डावीकडे म्हणाले मी."

"कुणाच्या डावीकडे?"

"पेशंटच्या."

"पेशंट कोण, वन्सं?"

"मी असेन," करुणा म्हणाली.

म्हैस स्वतःहून बाजूला झाली. लोक दुकानांतून बाहेर येत होते. लक्ष्मी मार्केटच्या चौकात पोलिसानं हात वर केला. मी थांबले. तो गाडीभोवती एक फेरी मारून माझ्या खिडकीशी आला.

"बाई, कुठं निघालाय?"

"चर्चला."

"मग तोंड बाजाराकडं का?"

"गाडी एवढीच जाते."

करुणानं मागून सांगितलं, "माझं लग्न आहे, काका."

त्यानं तिच्याकडे पाहिलं, पांढऱ्या फितीकडे पाहिलं, आणि चौकातली सगळी वाहनं थांबवली. एक टांगेवाला कुरकुरला तर त्याला म्हणाला, "दिसत नाही का, नवरी उलटी चाललीय."

चौक ओलांडल्यावर रस्ता सरळ होता. आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की घरातून निघाल्यापासून मी करुणाकडेच बघतेय. गाडी पुढं चालवली असती तर समोर रस्ता असता आणि लेक पाठीमागं. आरशात जाळीचा तुकडा दिसला असता फार तर. आता माझी मान मागं आणि तिचं तोंड पुढं. तीही माझ्याकडेच बघत होती. दुसरीकडे बघायची सोयच नव्हती.

"मला वाटलं होतं आज तू माझ्याकडे बघणारच नाहीस," ती म्हणाली.

"का?"

"रडशील म्हणून. बाबा गेल्यापासून तू असंच करतेस. काही आलं की टेबलाकडे जाऊन कापड कापत बसतेस."

"मला रस्ता बघायचाय, करुणा."

"बघ की. मी कुठं नको म्हणतेय."

मी रस्ता बघितला, आणि तिलाही. माझे डोळे भरले. तिचेही भरले. तिनं पुसले नाहीत, जाळीला काजळ लागेल म्हणून. आणि वन्सं आपल्या कोपऱ्यात मान खाली घालून, एका हातानं करुणाचं मनगट धरून बसल्या होत्या. मला वाटलं धीर द्यायला धरलंय. मग त्यांच्या ओठांची हालचाल दिसली. त्या घड्याळ बघून नाडी मोजत होत्या.

"जलद आहे," त्या म्हणाल्या. "पण चालेल."

करुणाला हसू फुटलं, मग मला, आणि गाडी थोडी वाकडी गेली. हसता हसताच आम्ही चर्चच्या फाटकातून आत शिरलो. पायऱ्यांवर पाळकसाहेब, पाहुणे, सुबोध, सगळे डाव्या हाताला रांग करून उभे होते. गाडी उलटी, त्यामुळं नवरीच्या बाजूचं दार आलं उजव्या हाताला. ती अख्खी रांग, पाळकसाहेबांसकट, गाडीला वळसा घालून धावली. गाडीला मागं दार नाही. पुढची सीट वाकवून, आधी एक पाय, मग दुसरा, अशी करुणा बाहेर आली आणि सुबोधच्या बुटावर उभी राहिली. तो म्हणाला, "मला वाटलं, बेत बदलला आणि परत निघालीस." ती म्हणाली, "तोंड कुठंही असू दे, आले ना?"

लग्न लागलं. जेवणं झाली. संध्याकाळी ती दोघं ॲम्बॅसडरमधून नगरला गेली. ती गाडी सरळ गेली, त्यामुळं मला करुणाचा अंबाडाच दिसला, आणि कोपऱ्यावर तोही दिसेनासा झाला.

मग चर्चच्या अंगणात बेडकी, मी आणि वन्सं. दस्तगीरभाई भोपळे आवरायला आधीच गेले होते. मी ड्रायव्हरच्या जागी बसले. वन्सं सवयीनं मागं जाऊन बसल्या, कोपऱ्यात, हातात करुणाची घडी केलेली जाळी.

मी मान वळवली आणि गाडी सोडली.

आता मागं एकच चेहरा होता. जवळजवळ वर्षभर मी त्या बाईच्या शेजारी जेवले, पाठ करून झोपले, पाठमोरी भांडले. इतका वेळ समोरून कधी पाहिलं नव्हतं. त्यांची हनुवटी थेट प्रभाकरसारखी होती. लग्न होऊन पंचवीस वर्षं झाली, मला ते कळलं नव्हतं.

"तुझी मान दुखत असेल," त्या म्हणाल्या.

"दुखतेय."

"मग थांब."

मी चिंचेखाली गाडी थांबवली. त्यांनी मागून पुढं वाकून माझ्या मानेवर अंगठे ठेवले आणि नेमकी जागा दाबली. मी ओरडले. येणारे-जाणारे थबकून बघत होते. वन्संना काही फरक पडला नाही.

"तो रिव्हर्स का उडतो, ते मला वाटतं कळलंय," त्या माझ्या मानेला म्हणाल्या. "गिअर सरकवणारा आतला काटा झिजलाय. पट्टी लावून ठेवली होती मी, पण चांगला वाटला म्हणून तसाच घातला."

"म्हणजे पुन्हा उघडावा लागेल."

"हो. कुणाला तरी दाखवून घे. चक्राची बाजू सांग त्याला."

"सांगलीचा तो बंद करणार नाही."

"दुसरा बघ."

"वन्सं, तुम्हीच उघडा. सोमवारी उघडू या."

अंगठे थांबले. "सोमवारी माझी गाडी आहे, एस्तेर."

"माहीत आहे."

त्यांनी मागं टेकून जाळीची घडी मांडीवर घेतली. मी आणखी काही बोलले असते तर रडले असते, आणि तेही त्यांच्याकडे पाठ करून. मी मान वळवली, गिअर टाकला आणि आम्ही घराकडे निघालो, एकमेकींकडे बघत, काळी दोनच्या सुरात.

रविवारी त्यांनी ट्रंकेला कुलूप लावलं. मी ऐकलं. जेवताना आम्ही पावसाबद्दल बोललो.

सोमवारी सकाळी मी उठले तेव्हा अंगणात आवाज येत होता. दस्तगीरभाई जॅक घेऊन उभे होते आणि गाडीखालून दोन पाय बाहेर आले होते, पांढऱ्या कॅनव्हासच्या बुटांतले. खालच्या घमेल्यात ऑइल गळत होतं. पदर खोचला आणि जाऊन शेजारी उकिडवी बसले. गाडीखालून हात बाहेर आला, पसरलेला. मी बघून एक पाना दिला. तो परत आला नाही.

नऊ वाजले असावेत. स्टँडकडून एसटीचा भोंगा ऐकू आला. दस्तगीरभाईंना अवघडल्यासारखं झालं. ते वाकून म्हणाले, "सिस्टर, तुमची नाशिकची गाडी नव्हती का ओ आज?"

"होती," वन्सं खालून म्हणाल्या. "पण पेशंट टेबलावर आहे."